किलोमीटर नव्हे, ऋतू मोजा!

मित्रांनो, 'तहान लागल्यावर विहीर खणणे' ही म्हण आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केली आहे. गाडीच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. पहिला पाऊस कोसळला की वायपरची आठवण होते. डिसेंबरच्या पहाटे सेल्फ फिरेनासा झाला की बॅटरी किती वर्षांची आहे याचा हिशेब सुरू होतो. आणि मे महिन्यात बोनेटमधून वाफ निघायला लागली की मग कूलंट!

गाडी कधी दाखवायची, याचा नियम सर्व्हिस बुकात दिलेला असतो. बहुतेक कारसाठी तो "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी होईल ते" असा असतो. आपण या वाक्याचा पहिला अर्धा भागच लक्षात ठेवतो. आपल्या स्टाफ पार्किंगमधल्या गाड्यांचे उदाहरण घ्या. घर ते कॉलेज, रविवारचा बाजार, कधीमधी पुणे किंवा शिर्डी. अशी गाडी वर्षाकाठी चार-पाच हजार किलोमीटरच चालते. मग सर म्हणतात, "अजून कुठे दहा हजार झालेत?"

पण किलोमीटरने झिजणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि काळाने झिजणाऱ्या वेगळ्या. ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट हे किलोमीटरने झिजतात. वायपरचे रबर उन्हाने कडक होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते. बॅटरी उष्णतेने म्हातारी होते. टायरचे रबर गाडी उभी असली तरी तडकते. इंजिन ऑइलचेही तसेच. रोज तीन-चार किलोमीटरच गाडी चालवली तर इंजिन पुरते तापत नाही, ऑइलमध्ये मिसळलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि ऑइल लवकर बिघडते. म्हणजे कमी चालणाऱ्या गाडीला देखभाल कमी लागते, हा गैरसमजच म्हणायचा. गाडी चालो वा न चालो, तीन ऋतू तिच्या अंगावरून जातातच.

आपला जिल्हा आणि आपली हवा

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि आपल्या बोलण्यातले साधे 'नगर', हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. कर्जत, जामखेड, पारनेर हा अवर्षणाचा पट्टा. तिथे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिमी पाऊस पडतो. आणि त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला एका पावसाळ्यात काही हजार मिमी पाऊस होतो. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, तर थंडीत काही पहाटे दहाच्या खाली. एकाच गाडीने एकाच जिल्ह्यात धूळ, धुके, ऊन आणि धो धो पाऊस हे सगळे सोसायचे असते.

वाहनांच्या बाबतीत मात्र नगरचे नाव मोठे आहे. 'लूना' ही मोपेड १९७२ साली याच नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणली. डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था नगरजवळ वाहननगरला आहे. लष्कराचे रणगाडा प्रशिक्षण केंद्रही नगरमध्येच आहे. लष्करातल्या ड्रायव्हरची एक सवय आपण उचलण्यासारखी आहे. तिला 'फर्स्ट पॅरेड' म्हणतात. सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी ऑइल, पाणी, हवा, दिवे, ब्रेक हे सगळे ठरलेल्या क्रमाने बघायचे. गाडी नवी असो की जुनी, काल चालली असो की नसो. बिघाड झाल्यावर शोधायचा नाही, होण्याआधी शोधायचा, हे त्यामागचे तत्त्व.

आपल्याला रोज एवढे जमणार नाही. पण वर्षातून तीनदा तरी जमायला हरकत नाही. मृगाच्या आधी, दिवाळीच्या आधी आणि होळीच्या आधी.

१) मृगाच्या आधी: मे महिन्याचा शेवटचा आठवडा

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. पण त्याआधीच, काजवे बघायला म्हणून भंडारदऱ्याला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. वळवाचा पाऊस याच दिवसांत गाठतो. म्हणून पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच व्हावी.

वायपर: काचेवर पाणी मारून वायपर फिरवा. रेषा उमटल्या, थरथर आवाज आला किंवा मधला पट्टा तसाच ओला राहिला तर रबर गेले आहे असे समजा. जोडी बदलायला काहीशे रुपये लागतात. वायपरची पाण्याची टाकी भरा आणि त्यात थोडा शाम्पू टाका. काच आतूनही पुसा. आतल्या तेलकट थरामुळे समोरच्या गाडीचा उजेड काचभर पसरतो.

टायरच्या खाचा: टायर 'गोटा' झाला आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. आपल्या वर्कशॉपमधल्या व्हर्नियरच्या मागून बाहेर येणारी बारीक पट्टी खोली मोजण्यासाठीच असते. ती खाचेत घाला आणि वाचन घ्या. कारसाठी कायद्याने किमान १.६ मिमी खोली हवी, दुचाकीसाठी ०.८ मिमी. पण पावसाळ्यात कायद्याच्या काठावर राहू नये. कारची खोली ३ मिमीच्या खाली गेली की नवीन टायरसाठी पैसे बाजूला काढायला लागावे.

खाचांचे काम काय? टायरखालचे पाणी बाहेर ढकलणे. ते जमले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टीअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी होतात. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. विमानाच्या टायरवर झालेल्या नासाच्या प्रयोगांतून एक ढोबळ सूत्र निघाले. टायरमधली हवा पीएसआयमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १६.६ ने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येते. ३० पीएसआय असेल तर सुमारे ९१. हवा कमी होऊन २० वर आली असेल तर सुमारे ७४! म्हणजे हवा कमी असलेला टायर पाण्यावर लवकर तरंगतो. घासलेल्या टायरला आणि साचलेल्या पाण्यात प्रत्यक्ष वेग याहूनही कमी पुरतो. त्यामुळे हे सूत्र परवानगी म्हणून नाही, इशारा म्हणून वाचावे.

ब्रेक ऑइल: हा सर्वांत दुर्लक्षित भाग. डॉट-३ प्रतीच्या कोऱ्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. ओलावा पिऊन झाल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आता एक गणित करू. चार मित्रांसह १,३०० किलोची गाडी माळशेज घाटात ३०० मीटर खाली उतरली. वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची, म्हणजे सुमारे ३८ लाख जूल. एवढ्या ऊर्जेत १२ लिटर पाण्याला उकळी येते. घाटभर पाय ब्रेकवर ठेवला तर ही उष्णता बहुतांशी ब्रेकमध्येच जाणार. जुने ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांनी वरचे ३८ लाख पुन्हा एकदा वाचावेत.

पूर आणि फरशी पूल: पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद गाडीचा तळ सुमारे सव्वापाच चौरस मीटर भरतो. पाणी आत शिरेपर्यंत तळाच्या वर चढलेले दर १० सेंमी पाणी गाडीला ढोबळमानाने ५०० किलोने हलकी करते. छोट्या गाडीचे वजनच साडेसातशे ते नऊशे किलो. आर्किमिडीज आपल्याला परीक्षेतच नाही, ओढ्यातही भेटतो! आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. एअर फिल्टरवाटे सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इथे दोरी लावून ओढणेच स्वस्त पडते.

काचेवर आतून वाफ धरत असेल तर एसी लावा आणि हवेचा झोत काचेकडे वळवा. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून पावसाळ्यातही तो चालू स्थितीत हवा.

२) दिवाळीच्या आधी: उसाचा हंगाम

आपल्या जिल्ह्यात थंडी म्हणजे उसाचा हंगाम. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ज्या प्रवरा परिसरात झाली तो आपलाच जिल्हा. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रंदिवस ऊस रस्त्यावर असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या. उसाच्या मोळ्या मागे इतक्या लोंबतात की असलेला लाल दिवाही झाकून जातो. त्यात कालव्याकाठी पहाटेचे धुके. रात्री उशिरा गावाहून हॉस्टेलकडे येणारे आपण याच रस्त्यावर असतो.

इथेही गणित बघा. वेग ताशी ६० किमी. समोरची ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर १७ मीटर गेले. कोरड्या डांबरावर (घर्षणांक ०.७) पुढचे २० मीटर, एकूण ३७. पण रस्त्यावर माती, पाचट किंवा दव असेल आणि घर्षणांक ०.४ वर आला, तर एकूण ५२ मीटर. वेग ८० असेल तर हेच आकडे ५८ आणि ८५ होतात. डिपरचा उपयोगी उजेड साधारण ५० मीटरपर्यंत धरला तर ८० च्या वेगाने जाणारा माणूस कोरड्या रस्त्यावरसुद्धा आपल्या उजेडाच्या पलीकडे गाडी पळवत असतो. ट्रॉलीवाल्याची चूक आहेच. पण ती चूक आपल्या अंगावर येऊ नये म्हणून आपल्या हातात दिवे, ब्रेक आणि वेग एवढेच आहे.

दिवे: एका मित्राला गाडीमागे उभा करा. डिपर, अप्पर, इंडिकेटर, ब्रेक लाइट, मागचा लाल दिवा, नंबर प्लेटचा दिवा, सगळे बघा. पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घ्या. रात्री भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही दिव्यांचा झोत सारखा आणि दिव्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली आहे ना, हे पाहा. बाजारातले भगभगीत एलईडी बल्ब बसवणाऱ्यांना एक विनंती. समोरच्याला आंधळे करून आपण सुरक्षित होत नाही, कारण तो आपल्याच दिशेने येत असतो. धुक्यात अप्पर लावू नये, उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

बॅटरी: बॅटरीला मारतो उन्हाळा आणि नाव येते थंडीवर. उष्णतेने आतून कमजोर झालेली बॅटरी थंड पहाटे, जाड झालेले ऑइल फिरवताना उघडी पडते. मल्टिमीटर आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांकडे असतोच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. पहिला आकडा सतत कमी येत असेल तर बॅटरी दाखवा, दुसरा कमी असेल तर अल्टरनेटर किंवा बेल्ट. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा आणि कोरडे करून पेट्रोलियम जेली लावा.

उंदीर: ऊस तुटला की शेतातले उंदीर आसरा शोधतात. बोनेटखाली ऊब असते. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत त्यांनी वायरी कुरतडण्याचे प्रकार आपल्या भागात नवे नाहीत. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघणे आणि गाडीत खाण्याचे काही न ठेवणे हा साधा उपाय.

३) होळीच्या आधी: उन्हाळ्याची तयारी

कूलंट: आपल्याकडचे बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी खारे. बादलीला, गिझरला जे पांढरे किटण धरते तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते. म्हणून कूलंटमध्ये नळाचे किंवा बोअरचे पाणी घालू नये, डिस्टिल्ड वॉटरच घालावे. निम्मे कूलंट, निम्मे पाणी या मिश्रणाचा उत्कलनबिंदू १०० च्या थोडा वर जातो आणि रेडिएटरच्या झाकणामुळे तयार होणाऱ्या दाबाने तो आणखी चढतो. प्रेशर कुकरचेच तत्त्व. म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही. दाब सुटताच पाण्याची वाफ होते आणि तोंड भाजते. काटा वर गेला तर एसी बंद करा, गाडी सावलीत घ्या, इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा.

एअर फिल्टर व एसी: धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या वेळेआधीच चोंदतो. एसी थंड करत नसेल तर लगेच गॅस भरायला धावू नका. आधी केबिन फिल्टर काढून झटका, आणि पुढच्या कंडेन्सरच्या जाळीतली धूळ-पाचट कमी दाबाच्या पाण्याने धुवा. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

टायरमधली हवा: "उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो" हे आपण लहानपणापासून ऐकतो. हा सल्ला उलटा आहे. समजा सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय हवा भरली. चालून टायर ६० अंशांवर गेला तर वायूच्या नियमाने दाब ३८-३९ होतो. हे टायर बनवणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. उलट हवा कमी असेल तर टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्यानेच उष्णता तयार होते, रबर आणि आतले थर सुटू लागतात, आणि टायर फुटतो. तेव्हा हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरावी. गरम टायरमधली हवा काढू नये. स्टेपनीलाही विसरू नये.

समृद्धी महामार्ग आपल्या कोपरगाव तालुक्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग. कारला इथे ताशी १२० ची मर्यादा आहे. तासन् तास सरळ सिमेंटचा रस्ता, वर ऊन, आणि टायरला विश्रांती नाही. २०२३ मध्ये परिवहन विभागाने इथे प्रवेशालाच टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायची मोहीम घेतली होती. आपल्याला कोणी अडवण्याची वाट कशाला बघायची? टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला. खाचा शाबूत असल्या तरी पाच-सहा वर्षांनी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि बाजूला चिरा किंवा फुगवटा दिसला तर लगेच बदलावा.

सुट्टीत उभी राहणारी गाडी

सेमिस्टर संपल्यावर महिनाभर स्टँडला उभ्या राहणाऱ्या बाइक आणि गाड्या हा वेगळा विषय. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, त्यातले काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे! इथेनॉल पाणी ओढते. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी भरलेली बरी आणि झाकणाचे वायसर शाबूत हवे. जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या सर्व्हिसिंगच्या वेळी आवर्जून तपासून घ्या. हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, म्हणजे ब्रेक धरून बसत नाहीत. परत आल्यावर दगड काढायला विसरू नका.

एक सूचना

मित्रांनो, २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. सगळे अपघात देखभालीअभावी झाले असे मुळीच नाही. वेग, हेल्मेट, बेल्ट, रस्ते ही कारणे आहेतच. पण रस्ता दुरुस्त करणे आपल्या हातात नाही, टायरमध्ये हवा भरणे आहे.

म्हणून हॉस्टेलमध्ये वर्षातून तीन रविवार 'फर्स्ट पॅरेड' ठेवावी असे सुचवावेसे वाटते. रेक्टर सरांची परवानगी घेऊन पार्किंगमध्ये सकाळी दोन तास. मेकॅनिकलच्या मुलांनी व्हर्नियर आणि हवेचा गेज आणावा, इलेक्ट्रॉनिक्सच्यांनी मल्टिमीटर. सर-मॅडमच्या गाड्या, मुलांच्या बाइक, मेसची पिकअप, सगळ्यांची तपासणी. जे हातात आहे ते तिथेच करायचे. ब्रेक, स्टीअरिंगसारखे काम फक्त नोंदवून गॅरेजवाल्याकडे पाठवायचे, कारण अर्धवट ज्ञानावर ब्रेक खोलणे बरे नाही.

खालचा तक्ता कापून नोटीस बोर्डावर लावावा:

मे अखेर: वायपर, टायरच्या खाचा, ब्रेक ऑइल, एसीचा काचेवरचा झोत, दाराची रबरे, बाइकची चेन व ब्रेक शू.

ऑक्टोबर: सर्व दिवे, हेडलाइटची काच व झोत, बॅटरी, मागचा रिफ्लेक्टर, काच आतून, उंदरांचा माग.

फेब्रुवारी अखेर: कूलंट व होज, फॅन बेल्ट, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, टायरचे वय, स्टेपनी.

दर पंधरा दिवसांनी: थंड टायरमधली हवा, इंजिन ऑइलची पट्टी, कूलंटची पातळी, वायपरचे पाणी.

वर्षातून एकदा: किलोमीटर कितीही झालेले असोत, पूर्ण सर्व्हिसिंग. सोबत पीयूसी आणि विम्याची तारीख.

यासाठी फार पैसे लागत नाहीत, वर्कशॉपच्या पहिल्या वर्षाइतके ज्ञान पुरते. आपण इंजिनिअर होणार आहोत. यंत्र बिघडण्यापूर्वी त्याची चौकशी करणे हा आपल्या शिक्षणाचाच भाग आहे. येत्या मृगाच्या आधीचा रविवार आताच ठरवून टाकू या!